मॉनिटरचे चित्र थरथरते, पण दोष नेमका कोठे?

रमजान जवळ आला की कपड्यांवर भरतकाम करणाऱ्या कारागिरांच्या हाताला उसंत नसते. अशाच एका हंगामात आमच्या ओळखीच्या एका कारागिराच्या संगणकावरील चित्र थरथरू लागले. हा कारागीर संगणकावर नक्षी पंच करतो आणि ती भरतकामाच्या यंत्राला देतो. नक्षीची रेघच जागेवर स्थिर दिसेना, तेव्हा टाका कोठे पडणार हे कळणार कसे? दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि "पॅनेल गेले, नवा मॉनिटर घ्या," असे सांगून तो निघून गेला. दोऱ्याच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेले ७,५०० रुपये मॉनिटरला लागले. नवा मॉनिटर जोडला, भरतकामाचे यंत्र सुरू केले आणि नव्या मॉनिटरवरचे चित्रही तसेच थरथरू लागले!

दोष मॉनिटरमध्ये नव्हताच. जागा वाचावी म्हणून मॉनिटरची लांब केबल आणि यंत्राच्या मोटारीची वायर एकाच पट्टीत घट्ट बांधून भिंतीवरून नेली होती. त्यातच स्विच बोर्डामागे अर्थिंगची तार सुटली होती. केबल बदलली, मोटारीच्या वायरीपासून दूर नेली, अर्थिंगची तार जोडली आणि सारे काम ४०० रुपयांत भागले. मात्र दोऱ्याचे पैसे अडकले ते अडकलेच. हंगामाच्या तोंडावर दोरा उधारीवर चढ्या भावाने घ्यावा लागला.

आज किराणा दुकानाचे बिल, छापखान्यातील लग्नपत्रिका, फोटो स्टुडिओतील अल्बम, गोदामातील मालाची नोंद, ही सारी कामे संगणकावर होतात. चित्र बिघडले की काम थांबते आणि घाईत खिशाला कात्री लागते. म्हणून मॉनिटरचे चित्र अस्थिर झाले तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे थांबून जाणत्या माणसाच्या हाती काम द्यावे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

चित्र येते कोठून?

मॉनिटर हा एका साखळीचा शेवटचा दुवा आहे. संगणकातील प्रोग्राम चित्र मागतो, ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम ते काम ग्राफिक्स कार्डाकडे किंवा मदरबोर्डावरील ग्राफिक्सच्या भागाकडे देतो, तेथून ते केबलने मॉनिटरपर्यंत येते आणि मॉनिटर ते पडद्यावर उमटवतो. या सगळ्यांना वीज पुरवणारी वायरिंग वेगळीच. यातला कोणताही दुवा ढिला झाला तरी त्याचा परिणाम पडद्यावरच दिसतो. दोष जेथे दिसतो तेथेच तो असेल असे नाही, ही गोष्ट मनाशी पक्की धरावी.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, ज्या तपासण्यांना पैसा लागत नाही त्या आधी कराव्यात. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, ड्रायव्हर आणि प्लग तिन्ही एकदम बदलले आणि चित्र सुधारले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणे आले.

आधी लक्षण ओळखा

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. चित्र "हलते" असे आपण म्हणतो, पण हलण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा रोख वेगळा आहे.

चित्रात आडव्या लाटा किंवा फिकट पट्टे वर-खाली सरकत असतील तर केबल आणि अर्थिंग यांच्यावर संशय घ्यावा. पांढरा भाग एकाएकी पिवळा, निळसर-हिरवा किंवा गुलाबी-जांभळा दिसू लागला तर जुन्या व्हीजीए केबलचा एखादा रंगाचा धागा तुटला आहे. या केबलमधून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून येतात. निळा गेला तर पांढरा पिवळा दिसतो, लाल गेला तर निळसर-हिरवा आणि हिरवा गेला तर गुलाबी-जांभळा. चित्र दोन-तीन सेकंद पूर्ण काळे होऊन परत येत असेल किंवा पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकत असतील, तर एचडीएमआयसारख्या डिजिटल केबलची जोडणी कच्ची असण्याची शक्यता मोठी. चित्र जागेवर आहे पण उजेड कमी-जास्त होतो, असे असेल तर मॉनिटरच्या मागच्या प्रकाशाकडे किंवा त्याच्या पॉवर सप्लायकडे पाहावे.

लक्षणाबरोबर वेळही लिहून ठेवावी. शेजारचे यंत्र सुरू होते तेव्हाच चित्र हलते काय? संगणक तासभर चालल्यावर हलते की सकाळी सुरू करतानाच? एखादा ठराविक प्रोग्राम उघडल्यावर हलते काय? दोन दिवसांची अशी टिपणे असली, तर दुरुस्तीवाल्याचे निम्मे काम झाले म्हणून समजावे.

पाच मिनिटांची परीक्षा

सर्वांत उपयोगी परीक्षा अगदी सोपी आहे. मॉनिटरवरच्या बटनांनी मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा, म्हणजे ज्यात उजेड आणि रंग कमी-जास्त करता येतात तो. हा मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटर तो स्वतः तयार करतो. मागचे चित्र थरथरत असताना मेनू जर स्थिर असेल, तर मॉनिटर बहुधा निर्दोष आहे आणि दोष केबल, कार्ड किंवा प्रोग्राममध्ये आहे. मेनूचा उजेडही चित्राबरोबर लुकलुकत असेल, तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे. सारा पडदाच क्षणभर काळा होत असेल तेव्हा मात्र मेनूही जातो. त्या वेळी या परीक्षेवर भरवसा ठेवू नये.

दुसरी परीक्षा अदलाबदलीची. हा मॉनिटर दुसऱ्या संगणकाला त्याच्याच केबलने जोडून पाहा, आणि दुसरा चांगला मॉनिटर आपल्या संगणकाला जोडून पाहा. शेजारच्या दुकानातून तासभर मॉनिटर मागून आणणे यात कमीपणा काहीच नाही. आमच्या त्या कारागिराने एवढे केले असते तर ७,५०० रुपये वाचले असते.

लॅपटॉप असेल तर त्याला बाहेरचा मॉनिटर जोडावा. बाहेरचे चित्र स्थिर आणि लॅपटॉपचे अस्थिर असेल, तर झाकण हळूहळू उघड-बंद करून पाहा. ठराविक कोनातच चित्र जाते-येते असे दिसले, तर बिजागरीतून जाणारी बारीक केबल घासली किंवा ढिली झाली आहे. ती बदलता येते. त्यासाठी आख्खा पडदा बदलण्याची गरज नसते.

केबलचे दुखणे

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार निघते ती केबल. संगणक आणि मॉनिटर बंद करून केबल दोन्ही टोकांनी काढावी, आतील पिना पाहाव्यात आणि पुन्हा नीट बसवावी. व्हीजीए केबलला दोन्ही बाजूंस स्क्रू असतात. ते आवळण्याचा कंटाळा करतात आणि मग टेबल हलले की चित्र हलते. या जोडणीला १५ पिनांची जागा तीन ओळींत असते. यातील एखादी पिन वाकली तर रंग जातो किंवा चित्र घसरते. काही केबलींत मात्र एखादी पिन मुळातच नसते, त्यामुळे जागा रिकामी दिसली म्हणून लगेच घाबरू नये.

व्हीजीए १९८७ साली आले. त्यातील खूण ही सतत बदलणाऱ्या व्होल्टेजची असते, म्हणून बाहेरचा विजेचा गोंगाट त्यात सहज मिसळतो. जाड, नीट आवरण असलेली आणि टोकाशी गुंडाळीसारखा फुगवटा असलेली केबल हा गोंगाट बराच रोखते. केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. मोटार, वेल्डिंग यंत्र, ट्यूबलाइटचा चोक आणि विजेच्या मुख्य वायरी यांच्यापासून ती हातभर तरी दूर न्यावी. विजेची वायर ओलांडावीच लागली तर आडवी ओलांडावी, शेजारून समांतर नेऊ नये.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या डिजिटल केबलींत गोंगाटाने चित्र थरथरत नाही. तेथे चित्र पूर्ण येते, ठिपके पडतात, नाहीतर अजिबात येत नाही. साधी केबल पाच मीटरपेक्षा लांब घेण्याचे टाळावे. एक युक्ती सांगतो. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार किंवा ताजेपणाचा वेग, म्हणजे रिफ्रेश रेट, तात्पुरता कमी करून पाहा. तेवढ्याने चित्र जाणे थांबले तर केबल एवढा भार वाहू शकत नाही असा अर्थ होतो. चांगली केबल घेतली की काम होते. स्वस्तातले जोड आणि एकाचे दुसरे करणारे कनव्हर्टर हेही तपासताना काढून टाकावेत.

वीज आणि अर्थिंग

यंत्रमागाची गावे असोत वा गल्लीतील फॅब्रिकेशनचे दुकान असो, एकाच लाइनीवर मोटारी आणि संगणक चालतात. मोटार सुरू होताना जोराचा ओढा घेते आणि व्होल्टेज क्षणभर बसते. आजचे बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, तसे त्यांच्या मागे लिहिलेलेही असते. त्यामुळे नुसत्या कमी-जास्त व्होल्टेजने चित्र हलत नाही. खरे दुखणे असते ढिले प्लग, स्विचमधील ठिणगी आणि अर्थिंग नसणे.

संगणक एका बोर्डावर आणि मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर लावला, आणि दोन्ही बोर्डांचे अर्थिंग सारखे नसेल, तर दोन यंत्रांच्या मधल्या केबलमधून नको तो प्रवाह वाहतो. व्हीजीएच्या चित्रातील हळूहळू सरकणारे पट्टे बहुधा याच कारणाने येतात. दोन्ही एकाच चांगल्या बोर्डावर लावून पाहावे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. तिच्यामुळे चित्र बिघडते एवढेच नव्हे, तर संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावताच झटका बसू शकतो.

यूपीएस असेल तर एकदा विजेवर आणि एकदा बॅटरीवर चालवून पाहा. फक्त बॅटरीवर चित्र बिघडत असेल तर यूपीएसकडे लक्ष द्यावे. पंखा किंवा दिवा लावताना पडदा काळा होत असेल तर त्या स्विचची तपासणी करावी. गंमत म्हणजे काही वेळा उंची बदलणाऱ्या चाकाच्या खुर्चीवरून माणूस उठताच मॉनिटर क्षणभर काळा होतो. खुर्चीत साठलेली स्थिर वीज सुटते आणि कच्च्या केबलला तिचा धक्का बसतो. भुताटकी समजून घाबरण्याचे कारण नाही, चांगल्या आवरणाची केबल घ्यावी.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. दुकानातील दिवे काही ठिकाणी फार प्रखर आणि काही ठिकाणी मंद होत असतील, तर न्यूट्रल ढिली झालेली असू शकते. थ्री-फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटली तर एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकते. अशा वेळी मुख्य स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे.

संगणकाच्या आतले दोष

संगणक सुरू होताना प्रथम जे कंपनीचे चिन्ह दिसते, त्या वेळी विंडोज सुरू झालेली नसते. तेव्हाही चित्र अस्थिर असेल तर ड्रायव्हरचा दोष नाही. विंडोज आल्यावरच चित्र हलू लागत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटने एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. साऱ्या पडद्याबरोबर टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर संशय घ्यावा. तो एकटा स्थिर राहून बाकीचे लुकलुकत असेल, तर एखादा प्रोग्राम जुळत नाही असे समजावे. तो प्रोग्राम नव्या आवृत्तीचा करावा किंवा काढावा. ड्रायव्हर नुकताच बदलला असेल तर जुन्यावर परत जावे, नाहीतर संगणकाच्या किंवा कार्डाच्या कंपनीकडचाच ड्रायव्हर घालावा.

डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पाहावा. कार्यालयीन कामाच्या साध्या मॉनिटरला ६० किंवा ७५ पुरेसा असतो. मॉनिटरला पेलत नाही असा आकडा जबरदस्तीने घातला तर चित्र येत नाही किंवा तुटक येते. गडद चित्रावरच उजेड लुकलुकत असेल, तर मॉनिटरच्या मेनूतील ॲडॅप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक ही सोय बंद करून पाहावी.

तासभर काम झाल्यावर, विशेषतः जड नक्षी किंवा फोटो उघडल्यावर चित्र तुटत असेल, तर ग्राफिक्स कार्ड तापत असेल. संगणक बंद करून, प्लग काढून पंख्यातील धूळ आणि कापसाचा तंतू साफ करावा. यंत्रमाग आणि शिलाईच्या जागेत हा तंतू महिन्या-दोन महिन्यांत पंखा अडवतो.

मॉनिटरच्या पोटात

इतके करूनही दोष मॉनिटरकडेच येत असेल, तर त्याची तीन कारणे जास्त आढळतात. सकाळी मॉनिटर सुरू व्हायला वेळ लावतो, दिवा लुकलुकतो आणि गरम झाल्यावर ठीक चालतो, असे असेल तर पॉवर सप्लायमधील कॅपॅसिटर थकलेले असतात. त्यांची डोकी फुगलेली दिसतात. जाणता कारागीर तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशांचे कॅपॅसिटर बसवून असा मॉनिटर अल्प खर्चात पुन्हा उभा करतो.

दुसरे कारण मागचा प्रकाश. चित्र एकदोन सेकंद दिसून पडदा काळा होतो, पण काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारला की फिकट चित्र दिसते, तेव्हा पॅनेल जिवंत आहे आणि प्रकाशाचा भाग गेला आहे. तिसरे कारण हे खरे तर दोष नव्हेच. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचे दिवे फार वेगाने चालू-बंद करतात. उजेड पूर्ण वाढवला की लुकलुक थांबते. काही जणांचे डोळे आणि डोके यानेच दुखते.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. मॉनिटर उघडण्याची हौस करू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त वीज काही काळ साठून राहू शकते. काचेच्या पिक्चर ट्यूबच्या जुन्या मॉनिटरमध्ये तर ती २०,००० व्होल्टपेक्षाही जास्त असे.

जुना इलाज, नवा रोग

त्या पिक्चर ट्यूबच्या काळातले काही सल्ले आजही ऐकू येतात. ट्यूबमध्ये विद्युतकणांचा झोत काचेवर फिरून चित्र काढी. जवळ ट्रान्सफॉर्मर किंवा मोटार असली की तिच्या चुंबकाने झोत वाकडा होई. आपली वीज ५० हर्ट्झची आणि चित्र ६० हर्ट्झचे, त्यामुळे चित्र सेकंदाला दहा वेळा थरथरे. त्यावर मॉनिटर सरकवणे आणि रिफ्रेश रेट ८५ करणे हे खरे इलाज होते. आजच्या सपाट पडद्यात झोतच नाही, म्हणून चुंबकाने चित्र वाकत नाही. स्टॅबिलायझर दूर केल्याने चित्र सुधारले, तर त्याचे कारण मॉनिटर नव्हे, तर जवळून जाणारी केबल होय.

दुरुस्ती आणि विश्वास

दुरुस्तीवाल्याला "काय खराब आहे?" एवढेच विचारू नका, "कशावरून?" हेही विचारा. पॅनेल गेले म्हणणाऱ्याने दुसऱ्या केबलवर आणि दुसऱ्या संगणकावर तपासून दाखवावे. बदललेला भाग परत मागावा आणि पावती घ्यावी. वॉरंटी शिल्लक असेल तर मॉनिटर बाहेर कोठेही उघडू देऊ नये. खरेदीचे बिल जपून ठेवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सहसा ग्राहक ठरत नाही. पण केवळ पोटापाण्यासाठी, स्वतःच्या कष्टाने रोजगार करणाऱ्याने घेतलेली वस्तू यातून वगळली आहे. म्हणजे एकट्याने काम करणारा कारागीर सदोष मालाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो.

आमच्या वाचकांत दुरुस्तीचा धंदा करणारे तरुणही पुष्कळ आहेत. त्यांनाही दोन शब्द. केबल बदलून भागत असताना मॉनिटर विकला तर त्या दिवशीचा नफा मोठा दिसतो, पण खरे कारण कळल्यावर ते गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. आमच्या कारागिराच्या बोर्डाची अर्थिंग शोधून काढणाऱ्या तरुणाने फक्त ४०० रुपये घेतले. आज त्या गल्लीतील अकरा कारखान्यांचे संगणक त्याच्याकडे आहेत.

चित्र थरथरले तर हात थरथरू देऊ नका. आधी प्लग आणि केबल, मग मॉनिटरचा मेनू, मग दुसरा संगणक, मग ड्रायव्हर आणि सर्वांत शेवटी नवा मॉनिटर. हा क्रम एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवावा. हंगामाच्या दिवशी तोच उपयोगी पडेल.